येतो म्हणाला होता

आमच्या नातीनं यंदा दिवाळीला आल्या आल्या मला कामाला लावलं. ती पुण्यात शिकते आणि मोबाइलवर जुन्या मालिकांची परीक्षणं करते. म्हणजे मालिका बघायची आणि ती कशी होती ते लोकांना सांगायचं. हे काम आमच्या गल्लीतल्या बायका नळावर फुकट करायच्या, पण ते असो. तिला ती अंतराळयानाची जुनी हिंदी मालिका सापडली होती, चंदेरी पँट घातलेल्या कप्तानाची. तिच्या शेवटच्या भागावर मी बोलावं, असा तिचा हट्ट.

"फक्त शेवट सांगायचा नाही हं, आजी," ती म्हणाली.

शेवटच्या भागावर बोला आणि शेवट सांगू नका! भरीत करा, पण वांगं नको.

खरी अडचण वेगळीच होती. तिच्या आजोबांनी तो भाग डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. मालिका लागायची तेव्हा आमच्याकडे छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. चिखलीच्या बाजारात भाजी विकून हे धावतपळत घरी यायचे, उरलेली मेथी बसस्टँडवर कुणाच्याही पिशवीत कोंबून. आणि नेमक्या शेवटच्या भागाला पडद्यावर मुंग्या आल्या. हे टिनाच्या छपरावर चढले आणि अँटिना धरून उभे राहिले. हात सोडला की कप्तान गायब, धरला की हजर! मग काय, खाली मी बघायची आणि ओरडून वर सांगायची.

शेवटी तो कप्तान सगळ्या सोबत्यांना घरी धाडून देतो, स्वतः मात्र एकटाच पुढं निघतो. यानाच्या दारात वळतो आणि म्हणतो, "अच्छा दोस्तो, मैं जाता हूँ."

वरून आवाज आला, "काय म्हणते व तो?"

"येतो म्हणते!" मी ओरडले.

आता मी दुसरं काय सांगणार? निघणारा माणूस कधी 'जातो' म्हणतो का? आमच्या सासूबाई तर 'जातो' म्हणणाऱ्याला परत आत बोलवायच्या, पाणी पाजायच्या आणि 'येतो' म्हणवून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. मी हिंदीचं मराठी केलं, ते रीतीला धरून केलं.

ह्यांनी मात्र ते शब्दशः धरलं. कप्तान येतो म्हणाला, म्हणजे येणार. रंगीत टीव्ही घेतला तरी जुना विकू देईनात. "तो याच टीव्हीवर येतो म्हणाला," म्हणे. केबलवाला आला की आधी विचारायचे, "त्या यानवाल्याचं काही आलं का बे?"

मला वाटायचं, गंमत करतात. पण नातीनं उशीला मोबाइल टेकवून तो भाग लावला आणि हे चष्मा पुसून, धुतलेला सदरा घालून पुढ्यात बसले, तेव्हा कळलं की हा माणूस खरंच वाट बघत आलाय.

"मैं जाता हूँ," मोबाइलमधला कप्तान म्हणाला आणि गेला. उजेडात विरघळला, पाण्यात मीठ विरघळावं तसा. नावांच्या पाट्या वर सरकायला लागल्या.

हे नातीकडं वळले. "आता वापस येते ना?"

"नाही आबा. संपली मालिका."

"संपली? तुही आजी तं म्हणे, येतो म्हणते."

"आजी! तो तर 'जाता हूँ' म्हणाला."

"मंग मी जातो म्हणू? तिन्हीसांजेले, भरल्या घरात?"

"मले खरं सांगायचं होतं व!" हे म्हणाले.

"खरंच सांगितलं. निघाला होता ना तो? निघणारा माणूस येतोच म्हणते."

"मंग काऊन आला नाही इतक्या वर्षांत?"

"ते त्याले विचारा. मी काय त्याची माय आहो?"

नात हसून हसून लोळायला लागली, पण मोबाइल काही खाली ठेवीना. सगळं रेकॉर्ड करत होती. म्हणे, हेच परीक्षण.

हे मात्र हसले नाहीत. भिंतीकडं तोंड करून बसले. चहा दिला, तो परत पाठवला. तेव्हा माझंही हसू गेलं. खोटा का असेना तो कप्तान, वाट तर ह्यांनी खरीच पाहिली होती. मी चहा पुन्हा गरम केला, समोर ठेवला आणि बाजूला बसले.

चहावर साय धरली तेव्हा ह्यांनी नातीला हाक मारली. "पोरी, तो शेवट पुन्हा लाव. आवाज बंद कर." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू सांग."

कप्तान यानाच्या दारात आला, वळला, त्याचे ओठ हलले.

"येतो म्हणते," मी म्हणाले.

"आणखी?"

"म्हणते, उशीर झाला तं जेवायले थांबू नका. माही भाकर झाकून ठेवा. वांग्याची भाजी असली तं थोडी जास्त ठेवा."

ह्यांनी मान हलवली. कप्तान उजेडात शिरेपर्यंत नीट पाहिलं.

"अंतराळातल्या माणसाले वांग्याचं काय माहीत व?" हे म्हणाले. "इतकं नको वाढवू." आणि कपाला हात घातला.