एका ‘बस’चा खर्च

टेलरबाईंच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात. गिऱ्हाईक अर्धवट शिवलेला कपडा घालून आरशासमोर उभं राहिलं की बाई त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरतात, ओठांत धरलेली एकेक टाचणी काढून कापडात खोचतात, आणि तेवढ्या वेळात जे काही म्हणायचं असेल ते ‘हं’ या एका अक्षरात म्हणतात. बाह्या आखूड झाल्या का? हं. शनिवारपर्यंत मिळेल ना? हं. मी जाड झालेय का हो? हं. गिऱ्हाइकानं त्यातून हवा तो अर्थ काढावा. मग टाचण्या संपतात, बाई दोन पावलं मागे सरतात, मान तिरकी करतात आणि निकाल देतात, “बसला!” कोट खांद्यावर बसला, कॉलर गळ्यावर बसली, पँट कमरेला बसली. बाईंच्या लेखी याहून समाधानाचं क्रियापद जगात नाही, आणि नेमक्या त्याच क्रियापदानं त्यांचा घात केला.

त्याचं असं झालं की पन्नाशी उलटल्यावर बाईंनी गाडी चालवायला शिकायचं मनावर घेतलं. खरं तर मनावर घेतलं ते त्यांच्या मैत्रिणीनं. ही मैत्रीण मागच्याच गल्लीत राहते. सारा जन्म इस्पितळात नर्स होती, त्यामुळे सगळे तिला सिस्टर म्हणतात. नोकरी सुटली तरी नाव काही सुटलं नाही. फार वर्षांपूर्वी ती गणवेश कमरेत सैल करून घ्यायला दुकानात आली होती. तेव्हा बाईंनी काही न विचारता शिवण उसवली, आणि “इस्त्रीनं आटतं कधी कधी कापड,” असं धादांत खोटं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं. सिस्टर बाईंना ‘टाचणे’ म्हणून हाक मारते. बाईंना या नावानं हाक मारायची दुसऱ्या कुणाची छाती नाही.

सिस्टरची गाडी छोटी, निळी आणि वयानं बरीच पोक्त. त्या गाडीवर टेलरबाई शिकल्या. सुरुवातीला क्लच आणि ब्रेक यांत त्यांची जी तारांबळ उडायची ती बघून सिस्टर म्हणायची, “अगं, शिलाई मशीन पायानं चालवतेस ना आयुष्यभर? मग हे काय वेगळं आहे?” यावर बाई म्हणायच्या, “माझं मशीन जागचं हलत नाही!” पण शिकल्या. परवाना मिळाला तेव्हा बेकरीत काम करणाऱ्या त्यांच्या नवऱ्यानं तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. “फोटो चांगला आलाय,” एवढंच तो म्हणाला, आणि त्या दिवशी गल्लीत दिसेल त्याला थांबवून ही बातमी सांगत सुटला.

आणि मग तो रविवार आला. दोघी बाजारातून पडद्याच्या कापडाचं ठाण घेऊन संध्याकाळी परतल्या. सिस्टरच्या इमारतीखाली गाडी लावायची जागा म्हणजे मागे भिंत आणि भिंतीच्या अलीकडे एक कमरेएवढा लोखंडी खांब. भिंत राखाडी, खांबही राखाडी. कुणी आणि का तो तिथं रोवला हे सांगणारा माणूस आता हयात नसावा. सिस्टर खाली उतरून मागे उभी राहिली आणि हात हलवत ओरडू लागली, “येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे!” बाईंनी खिडकीतून विचारलं, “बसतेय का गं?” मागून उत्तर आलं. बाईंनी ते ऐकलं, समाधानानं मान हलवली आणि गाडी आणखी मागे घेतली. धडाम!

मागच्या दिव्याचा चुरा झाला, डिकीला हा एवढा पोचा पडला आणि बंपर एका बाजूनं लोंबू लागला. टेलरबाईंची पाचावर धारण बसली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून त्या तशाच बसून राहिल्या.

“अगं, बस म्हणत होते ना मी! बस!” सिस्टर धावत खिडकीशी आली.

“बस? तू ‘बसतेय, बसतेय’ म्हणालीस!”

“मी ‘बस ए, बस ए’ म्हणाले!”

“बस ए? अशी कोण हाक मारतं माणसाला?”

आणि मग दोघी इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. इथवर सगळं ठीक होतं. सगळं बिघडलं ते दुसऱ्या दिवशी, गॅरेजमधल्या डेंटरनं खर्चाचा आकडा सांगितल्यावर. टेलरबाई पाकिटात पैसे घालून सिस्टरकडे गेल्या, तर सिस्टर म्हणाली, “आपल्यात कसले गं पैसे? बघू नंतर.”

हे वाक्य ऐकून दुसऱ्या कुणी सुटकेचा निःश्वास टाकला असता. टेलरबाई मात्र धसकल्या. कारण अगदी हेच वाक्य त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावानं त्यांना एकदा ऐकवलं होतं. दुकान टाकताना त्यानं मशीन घेऊन दिलं होतं आणि म्हणाला होता, बहीणभावांत कसले पैसे, बघू नंतर. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी चारचौघांत वहिनी म्हणाली, “यांचं दुकान आमच्या पैशावर उभं आहे.” भाऊ तिथंच होता आणि काही बोलला नाही. बाईंनी त्याच आठवड्यात पैसे नेऊन दिले. ते घेतले गेले, पण येणंजाणं संपलं ते संपलंच. तेव्हापासून ‘बघू नंतर’ या शब्दांची त्यांना धास्ती आहे. भाऊ गेला तो गेला, सिस्टर जायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. म्हणून तर पैसे द्यायचेच होते.

पण सिस्टर घेईल तर ना! बाईंनी पाकीट तिच्या बिस्किटांच्या डब्यात लपवलं. दोन दिवसांनी ते दुकानातल्या बटणांच्या खोक्यात सापडलं. बाईंनी ते तिच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं. सिस्टरनं एक जुनी पँट आखूड करायला पाठवली आणि खिशात तेच पाकीट. शेवटी बाई चिडून तिच्या दारात उभ्या राहिल्या.

“हे बघ, मला एकच सांग. चूक कुणाची?”

“मी ‘बस’ म्हणाले होते,” सिस्टर म्हणाली.

“म्हणजे माझी. मग पैसे घे!”

“नाही घेणार.”

“म्हणजे तुझी. मग तसं म्हण!”

“मी ‘बस’ म्हणाले होते,” सिस्टर पुन्हा म्हणाली, आणि ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छ होता.

टेलरबाईंचं डोकं फिरलं. चूक माझी म्हणतेस आणि पैसे घेत नाहीस, म्हणजे माझ्यावर उपकार करतेस? त्यांनी जाहीर केलं की यापुढे त्या गाडीला बोटही लावणार नाहीत, आणि तरातरा घरी आल्या. पुढचा रविवार कोरडा गेला. सिस्टर आली नाही, बाईही गेल्या नाहीत. त्यांनी दिवसभर एका कोटाची बाही तीनदा लावली आणि तीनदा उसवली. नवरा म्हणाला, “गाडी तिची, खांब इमारतीचा. तुला एवढं काय लागलंय?” बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो बिचारा चहा न पिताच बेकरीत निघून गेला. रात्रपाळी अजून सुरूही झाली नव्हती.

गाडी तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा टेलरबाईंनी एक युक्ती केली. सिस्टर दुपारनंतर जाणार हे डेंटरच्या निरोपातूनच कळलं होतं, म्हणून त्या सकाळी गॅरेज उघडायच्या वेळेलाच पोचल्या. गुपचूप पैसे भरायचे आणि पसार व्हायचं. शटर वर गेलं, बाई आत शिरल्या, आणि रंगाच्या डब्यांच्या मांडणीपाशी पर्स उघडून उभी असलेली सिस्टर त्यांना दिसली. ती मागच्या दारानं आली होती. तिचाही बेत तोच.

“तू इथे काय करतेस?” दोघी एकदमच म्हणाल्या.

डेंटर बिचारा पॉलिशचं फडकं हातात घेऊन मध्ये उभा. एका बाजूनं एक पाकीट त्याच्या छातीशी येत होतं, दुसऱ्या बाजूनं दुसरं. “अहो मावशी, पैसे बुडवायला भांडणारे पाहिलेत मी,” तो म्हणाला, “द्यायला भांडणारे पहिल्यांदाच बघतोय. झालं तरी काय?”

मग काय, दोघींनी त्याला सगळं सांगितलं, तेही एकाच वेळी. रंगारी हातातला ब्रश ठेवून आला, टायर बदलायला आलेला टॅक्सीवाला आला. शब्द एकच, पण प्रत्येकाचं मत वेगळं. टॅक्सीवाल्याच्या मते बस म्हणजे थांब, यात शंका घ्यायला जागाच नाही. रंगारी म्हणाला, त्याच्या घरी बस म्हणजे खाली बस. आई तेवढंच म्हणायची आणि सगळी भावंडं चिडीचूप. डेंटर म्हणाला, “मी तर ऐकलं असतं तर मागे वळून पाहिलं असतं, म्हटलं बस आली की काय.” टेलरबाई तावातावानं म्हणाल्या, “मी विचारलं काय? बसतेय का! उत्तर काय येणार? माझ्या दुकानात रोज पन्नासदा येतं तेच!” आपल्या भाषेत हे क्रियापद सगळीकडे पाय पसरून बसलेलं आहे, त्याला कोण काय करणार!

“पण काकू,” टॅक्सीवाला सिस्टरला म्हणाला, “थांब म्हणायचं होतं तर गाडी लांब असतानाच म्हणायचं. खांबाला टेकेपर्यंत वाट कशाला पाहिली?”

वॉर्डात भल्याभल्या डॉक्टरांना गप्प करणारी सिस्टर, पण तिनं टॅक्सीवाल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला, आणि टेलरबाईंना हाताला धरून गाडीच्या पलीकडे नेलं.

“मी ‘बसतेय’च म्हणाले होते,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“मला वाटलं बसतेय. मला तो खांब दिसलाच नाही गं, टाचणे. संध्याकाळ झाली की मला सगळं धुकटच दिसतं. मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत.”

“आणि हे तू मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर ऑपरेशन कर म्हणाली असतीस.”

“मग? करायचं!” टेलरबाईंचा आवाज चढला. “तू नर्स आहेस बये! हजार माणसांना नेऊन निजवलंस त्या टेबलावर!”

“म्हणून तर!” सिस्टर कळवळून म्हणाली. “प्रत्येकाला सांगायचे, काही होत नाही हो, कळतसुद्धा नाही. मला काय माहीत, कळतं की नाही ते? मी कुठे निजले होते? आयुष्यभर बिनदिक्कत थापा मारल्या मी!”

टेलरबाईंना हसू आलं. म्हणजे हिनं पैसे नाकारले ते उपकार म्हणून नव्हेच. खरं सांगायची भीती आणि खोटं बोलून पैसे घ्यायची लाज, या दोहोंच्या कचाट्यात ती सापडली होती. आणि आपण रविवारभर फुगून बसलो! त्यांना सिस्टरचा राग आला, कीव आली आणि सगळ्यात जास्त म्हणजे इतकं हायसं वाटलं की गॅरेजच्या त्या तेलकट फरशीवरच बसकण मारावीशी वाटली.

“आणि मला गाडी शिकवायचं खूळ?” त्यांनी विचारलं. “ते यासाठीच?”

“दुसरं कोण आहे मला?” सिस्टर म्हणाली. “म्हटलं, माझे डोळे जायच्या आत तुझा हात बसू दे.”

टेलरबाईंनी ‘हं’ केलं, नाक पुसलं, आणि पाकिटातल्या नोटा काढून बरोबर दोन भाग केले. “खांब तुला दिसला नाही आणि मला आरशात बघायचं सुचलं नाही. अर्धे अर्धे. आज, आत्ता, इथेच. ‘बघू नंतर’ म्हणालीस तर परत तोंड दाखवणार नाही.”

सिस्टरनं मुकाट्यानं आपले अर्धे मोजून दिले. डेंटरनं दोघींकडून पैसे घेतले, पॉलिशवर एक शेवटचा हात फिरवला आणि किल्ली पुढे केली. ती कुणाच्या हातात द्यायची हे त्याला कळेना. टेलरबाईंनी ती घेतली.

दोघी गाडीत बसल्या. बाईंनी आरसा नीट केला, सीट पुढे ओढली, आणि इंजिन सुरू करून तशाच थांबल्या.

“कधी बोलावलंय डॉक्टरांनी?”

“बुधवारी. मी जाणार नव्हते.”

“जाणार आहेस. मी नेणार आहे. दुकान बंद ठेवते.”

सिस्टरनं सीटचा पट्टा ओढून लावला. “मला फार भीती वाटते गं,” ती म्हणाली.

“मलाही वाटते. इस्पितळाच्या रस्त्याला ट्रक असतात केवढे,” टेलरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला गिअर टाकला. “दोघी मिळून घाबरत जाऊ.”