डोक्याला एक मूठ

उजव्या हाताची मूठ वळायची आणि समोरच्याच्या कपाळापुढे धरायची. "डोक्याला एक मूठ तांदूळ. त्याच्याहून कमी झाला तर डोकं चालत न्हाय." आमच्या शाळेतल्या शिपाईण मावशींचं हे शास्त्र.

मावशी शाळेजवळच्या खारी गावच्या. सासऱ्याच्या भातशेतीवर सात मजले उभे राहिले, पण मूठ शाबूत होती. घरात कोण किती डोकं चालवतं त्यावर मुठी ठरायच्या. परीक्षेला बसलेल्या लेकीला दोन, नवऱ्याला अर्धी. "तो निस्ता टीव्ही बघतंय. त्याला कशाला?" एकदा मुख्याध्यापकांकडे बघून माझ्या कानात म्हणाल्या, "याला पण अर्धी बास हाय."

आता माझं शहाणपण ऐका. मी बावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. मुख्याध्यापक निवृत्त होणार होते. संस्थेची माणसं माझा पाठ बघणार आणि मग त्यांची खुर्ची मला द्यायची की नाही ते ठरवणार. मी काय करावं? केबिन रोडच्या बाजारात साडी घेतली, ब्लाउज मुद्दाम इंचभर घट्ट शिवायला टाकला आणि भात, पोळी, बटाटा बंद. तीन दिवस काकडी आणि काळी कॉफी!

"बाई, डबा कुठं हाय तुजा?"

"मावशी, मी कार्ब्ज सोडलेत."

"का गो? काय वाईट केलं त्यांनी तुजं?"

पाठाचा विषय मीच निवडलेला: शरीर मेंदूला इंधन कसं पुरवतं. संस्थेची माणसं भिंतीलगत खुर्च्यांवर बसली आणि मी फळ्यावर झोकात मेंदू काढला. भाताचं, भाकरीचं पोटात काय होतं, ते रक्तातून वर कसं पोचतं, सांगत गेले. "वजनाला हा एवढासा, पण खायला सगळ्यांच्या पुढे! आणि मुलांनो, मेंदू मुख्यतः चालतो तो... तो..."

शब्द येईना. वीस वर्षं शिकवलेला शब्द! फळा हलायला लागला.

"पेट्रोलवर?" मागच्या बाकावरून कोणीतरी मदत केली.

तेवढ्यात दारात मावशी. "बाई, ऑफिसात फोन हाय तुजा."

फोन कसला! जिन्याखाली स्टुलावर बसवलं आणि थर्मासमधली तांदळाची पेज पुढे केली. सकाळीच घरून करून आणलेली. "गिळ. बोलू नको."

दहा-पंधरा मिनिटांनी परत गेले. ग्लुकोज आठवलं. त्याच वेळी ब्लाउजचा हूक सुटला, तो पदराखाली घेतला. मुलांना खरं सांगून टाकलं, "तीन दिवस भात-पोळी नाही, म्हणून बाईंचा मेंदू अडला." वर्ग खिदळला. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "विसरण्याचं प्रात्यक्षिक फारच हुबेहूब!" मी कशाला बोलू?

खुर्चीचं पत्र आलं तोवर मावशी निवृत्त झाल्या होत्या. पेढे घेऊन खारीला गेले, तर दाराला कुलूप.

"म्हातारी पेणला गेली लेकीकडं," शेजारीण म्हणाली. "आता तिथंच राहणार हाय. द्या पेढे, कोणाबरोबर तरी पाठवते."

मी मान डोलावली. पुडा काही हातातून सुटेना.