सवतीचा हात

क्यारिसीमाचा ससा अंगणातून पाय ओढत आला, तेव्हा ती शिवायला आलेल्या शाळेच्या गणवेशाला गुंड्या लावत होती. मागचा डावा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. पलीकडे कोबीच्या वाफ्यात अयेबारे, तिची सवत, हातात जळणाचं लाकूड घेऊन उभी होती.

"तू मारलंस!"

"मी कोबीवर लाकूड आपटलं, थोरल्या बाई. तुमचा ससा मध्ये आला."

दोघींचा नवरा तिबेसिग्वा जाऊन नऊ वर्षं झाली होती. काबाले गावाच्या वरच्या डोंगरउतारावर एकाच अंगणात समोरासमोर दोन खोल्या होत्या, आणि वाट्याला आलेली जमीन दोघींनाही सोडायची नव्हती. पोरंबाळं कुणालाच नाहीत. क्यारिसीमानं हा ससा नाताळच्या कालवणासाठी आणला होता. पण शिवणयंत्राच्या पायाशी तो असा काही पसरून बसायला लागला, की नाताळात घरात नुसत्या घेवड्याच्या शेंगा शिजल्या. तिनं त्याचं नाव वाकामे ठेवलं. अख्ख्या आळीनं तिला वेड्यात काढलं.

गुरांचा डॉक्टर खालच्या बाजारात बसायचा. त्यानं टोपली उघडून पाहिली आणि हसला. "गाईचा पाय असता तर बघितला असता. याला कढई दाखव."

क्यारिसीमानं टोपली उचलली आणि त्याच्या उंबऱ्यावर थुंकून घरी आली. बोरूच्या दोन चपट्या काड्या तासल्या, कापडाच्या चिंध्यांनी पाय गच्च आवळून बांधला, आणि वाकामेला हलता येऊ नये म्हणून अरुंद खोक्यात ठेवलं. तो चिंध्या कुरतडायचा, म्हणून वरून मिरचीचं पाणी लावलं. रताळ्याचे कोवळे वेल हातानं भरवले.

"आजारी सासऱ्याची नसेल केली इतकी सेवा," अयेबारे समोरच्या दारातून म्हणायची.

"तुझ्या तोंडाला पट्टी बांधते, थांब."

आठव्या दिवशी गणवेश पोचवून क्यारिसीमा परतली, तर तिच्याच ओट्यावर अयेबारे बसलेली. मांडीवर ससा उताणा, हातात क्यारिसीमाची कापड कापायची कात्री. क्यारिसीमाला पुढचं काही दिसलंच नाही. तिनं धावत जाऊन अयेबारेच्या कानाखाली वाजवली.

अयेबारेनं ससा सोडला नाही. "आणखी मारा. पण आधी बोटं बघा."

कापलेल्या चिंध्यांतून बाहेर आलेला पंजा टम्म सुजला होता. क्यारिसीमानं हात लावला. पंजा गार पडला होता.

"सकाळपासून दात खातोय, करकर, करकर. माझं डोकं उठलं. आणि मेला असता, तर माझ्या नावानं गावभर बोंबलला असतात."

अयेबारेचा बाप गुरांची मोडलेली हाडं बसवायचा. तिनं पाय चोळून ऊब आणली, काड्यांखाली कापसाचा थर दिला, आणि पट्टी अशी बांधली की खाली करंगळी सरकेल. "धरा नीट. असं नाही. कधी जनावर धरलंय का जन्मात?"

क्यारिसीमानं धरलं. सवतीच्या गुडघ्याला गुडघा लागला तसा तिला किळसेचा शहारा आला, पण ती हलली नाही.

गाठ मारता मारता अयेबारे खालमानेनं म्हणाली, "घरधन्यांचा पाय मोडला तेव्हाही तुम्ही असाच आवळलात. मला दारातच उभं केलंत. दवाखान्यात पोचेपर्यंत पाय काळा पडला होता. तिथून ते परत आलेच नाहीत."

"चालती हो."

"जाते. चार दिवसांनी पट्टी सोडायची आहे. तुम्ही हात लावू नका."

ती चार दिवसांनी आली, पुन्हा चार दिवसांनी आली. नमस्कार नाही, बसा नाही. क्यारिसीमानं एकदा ज्वारीच्या आंबिलीचा वाडगा तिच्यापुढे सरकवला. तिनं तो पायानं बाजूला केला. क्यारिसीमानं तो सगळाच्या सगळा अंगणात ओतला आणि वाडगा आपटून आत नेला. वाकामे मात्र खायला लागला, त्याच्या लेंड्या पुन्हा टणक झाल्या, आणि पंजा दाबला की तो झटका द्यायचा.

सहाव्या आठवड्यात अयेबारेनं काड्या काढल्या. पाय जरा वाकडा जुळला होता. वाकामे दोनदा कलंडला, मग टेकत टेकत ओट्याच्या कडेपर्यंत गेला आणि तिथलं गवत ओढू लागला.

"लंगडणार," अयेबारे उठत म्हणाली. "पण चालेल."

ती अंगणाच्या मध्यावर पोचली, तेव्हा क्यारिसीमा मागून बोलली. आवाज रागाचाच होता, दुसरा तिला जमतच नव्हता.

"मी घट्ट बांधला होता. त्यांचा पाय. तुला आत येऊ द्यायला हवं होतं."

अयेबारे थांबली. मागे न वळताच तिनं विचारलं.

"नऊ वर्षं लागली तुम्हाला?"

"लागली."

"मग माझ्याकडून माफीबिफीची वाट बघू नका. मलाही नऊ लागतील." आणि तिनं आत जाऊन दार धाडकन लावलं.

क्यारिसीमा ओट्यावर बसली. तिनं सुई ओवायला घेतली, पण दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.