खिशातला गूळ

"एका शेतात गुऱ्हाळ चालू होतं, शेतकऱ्यानं दिला. खिशात राहिला."

"कागदात बांधून? अन् तिन्ही पॅन्टींच्या खिशात?"

आनंदराज बुटाची नाडी बांधत होता, तो बांधतच राहिला. धुण्याच्या बादलीपाशी त्याची बायको विशाखा उभी, ओल्या हातात गुळाचे तीन खडे. सरकारी दवाखान्यात अठरा वर्षं सिस्टर म्हणून काढलेली बाई. शुगरचा पेशंट खिशात गूळ कधी बाळगतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. साखर एकदम खाली जाण्याचा धसका घेतलेला माणूसच तसं करतो.

घर नांदेडात, आनंदराजचं काम लातूर जिल्ह्यात. ठिबक सिंचनाचे संच शेतात नीट बसले का, हे तपासून सही करायची. सोमवारी एसटीनं लातूर गाठायचं, तिथून कंपनीच्या मोटारसायकलवर रेणापूर, निलंगा. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली तेव्हा त्यानं हाय खाल्ली नाही. मुक्कामाच्या लॉजच्या गच्चीवर पहाटे पाऊण तास चालायला लागला. वडे-भजी सुटली. डब्यात ज्वारीची भाकरी, मटकी, कांदा. बाभळीखाली गाडी लावून एकटाच खायचा. नऊ किलो उतरला. विशाखा मैत्रिणींना कौतुकानं सांगायची.

अडलं ते चहापाशी. रोज आठ-दहा शेतं, तितकीच घरं, अन् घरोघर पाकासारखा चहा. बिनसाखरेचा मागावा तर साखर काय महाग झाली का साहेब, म्हणत घरची बाई दोन चमचे वरून घालायची. अन् नकोच म्हणणं त्याच्यानं होत नव्हतं. त्याच्या वडलांना याच गावांतून चहा मिळायचा तो अंगणाबाहेर, कान तुटलेल्या कपात. पिऊन झाला की आपणच विसळून वळचणीला खोचायचा. आता त्यांच्याच पोराला बाजेवर बसवून घरातल्या कपबशीतून देतात.

एकदाच त्यानं नको म्हणून पाहिलं होतं, निलंग्याकडच्या सिद्रामप्पांच्या घरी. म्हाताऱ्यानं पुढं केलेली कपबशी खाली ठेवली. मग हलकेच म्हणाला, "आमच्या आज्यानं केलेलं अजून मनात धरलं का साहेब?" आनंदराजनं त्या दिवशी दोन कप घेतले.

"चहाला न्हाई म्हणवत न्हाई म्हणून शुगरची गोळी जास्तीची घेऊन राहिले तुमी," विशाखा म्हणाली. "पाकीट आठ दिवस आधी कसं संपलं, ते आत्ता कळलं मला."

"लई घरं असतील त्याच दिवशी घेतो."

"अन् चहा आलाच न्हाई तर? डबा खायला तीन वाजले तर?"

त्यानं बाही खाली ओढली. त्याच्या कोपराची खपली अजून ओली होती. मागच्या सोमवारी रेणापूरच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं म्हणून पडलो, असं त्यानं सांगितलं होतं.

"कुत्रं नव्हतंच." तिचा आवाज चढायच्या ऐवजी खाली गेला.

मग त्यानं बुटाकडं बघतच सगळं सांगितलं. गाडी चालवताना हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली, शुद्धीवर आला तो नालीत. ऊस तोडणाऱ्या बाया तोंडात गूळ घालत होत्या. तेव्हापासून गूळ जवळ ठेवतो, म्हणजे काळजी घेतोच की, असंही वर जोडलं.

"मागून टिप्पर असता तर?"

तेवढ्यात फोन वाजला. सिद्रामप्पा. तिनंच स्पीकर लावला. म्हातारा खुशीत होता. उद्या संच नंतर बघा, आधी जेवण. घरात हुग्गी शिजवणार, गूळ घातलेली गव्हाची. "माझ्या ताटाला ताट लावून बसायचं साहेब. न्हाई म्हणायचं न्हाई."

विशाखानं ओठांनीच खूण केली: सांगा. शुगर हाय म्हणून सांगा.

आनंदराजनं फोन जवळ घेतला. आप्पा पलीकडं वाट बघत होते.

"येतो की आप्पा," तो म्हणाला.

फोन बंद झाला. विशाखा दारात जाऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. गोळ्यांचं पाकीट इथं ठेवा, दिवसाची एक-एक मी वेगळी बांधून देते, म्हणाली. त्यानं पाकीट असलेली बॅग खांद्याला लावली.

"उद्या त्या ताटावर बसायच्या आधी किती गोळ्या घेणार, तेवढं सांगा अन् जावा."

तिच्या हाताला धक्का लागू न देता तो दारातून तिरका बाहेर पडला, आणि जिना उतरून गेला.