कुंदाकाकूंचा ओटा

कुंदाकाकू चपात्या लाटता लाटता लोकांची उलटतपासणी घ्यायच्या. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला, स्पीकर चालू, आणि आवाज असा की पलीकडचा माणूस आपोआप उभा राहावा. "तू लिवलंस ना? मग तोंडानं बोल. स्वतः बघितलंस का कोणी सांगितलं?"

हा आवाज मी आमच्या पाम गावापासून पालघरपर्यंत काढून दाखवलाय. आता वापीला नोकरी करतो, तिथंही काढतो. ज्यांनी काकूंना कधी पाहिलं नाही तेही हसतात. एकदा चुकून त्यांच्या पाठीमागेच काढला. काकू वळल्यासुद्धा नाहीत. "बरा काढतोस. पण मी मधे थांबते. तू थांबत नायस."

काकू पाममध्ये राहायच्या, तारापूरच्या कारखान्यांतल्या कामगारांना डबे द्यायच्या आणि फेसबुकवर 'आमचा ओटा' नावाचा ग्रुप चालवायच्या. रस्त्यातले खड्डे, हरवलेली बकरी, नळाला न आलेलं पाणी, सगळं ओट्यावर. पण काकूंनी मंजूर केल्याशिवाय पोस्ट दिसायची नाही, आणि लिहिणाऱ्याला फोन केल्याशिवाय काकू मंजूर करायच्या नाहीत. नाव लपवून लिहिलं तरी अ‍ॅडमिनला दिसतंच, त्यामुळे कोणाची सुटका नाही. एकानं सरपंचाबद्दल कायतरी खरमरीत लिहिलं. फोनवर म्हणाला, "ऐकलंय काकू." काकू म्हणाल्या, "मग ज्याच्याकडून ऐकलंस त्याला लिवायला सांग." फोन कट.

मग एका कंत्राटी कामगारानं नाव लपवून फोटो टाकला. त्याच्या कंपनीमागच्या नाल्यात लालभडक पाणी. काकूंनी त्याला तीनदा फोन केला, स्वतः रिक्षानं जाऊन नाला बघून आल्या, तेव्हा कुठं पोस्ट लागली. आठवड्यात कंपनीच्या वकिलाची नोटीस आली: पोस्ट काढा, माफी मागा, लिहिणाऱ्याचं नाव द्या, नाहीतर तुमच्यावर बदनामीचा खटला.

अ‍ॅडमिनमध्ये माझंही नाव होतं. मी आधी ते काढलं, मग काकूंना धीर द्यायला गेलो.

"आलास? नाव काढून आलास ना? मोबाईलनं सांगितलं मला. बस, वाटाणे सोल."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन पालघरला आमच्या ओळखीच्या वकिलांकडे गेलो. वकीलसाहेब प्रत्येक शब्द पान लावल्यासारखा सावकाश लावतात. "काकू, जागा देणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. लोकांनी काय लिहिलं ते जागा देणाऱ्याला माहीतच नसेल, तर तो सहसा सुटतो. तेवढं लिहून द्या. पोस्ट वाचली नव्हती म्हणून."

"वाचली नव्हती? नाला बघून आले मी!"

साहेबांनी कपाळावर हात मारला. "हेच बोलू नका हो! निवडून, तपासून लावता म्हटलं की तुम्हीच अडकता."

"मग अडकते. ओटा माझा, त्यावर बसलेला माणूसपण माझा. मला ठाऊकच नाय म्हणून हात झटकू?"

नोटिशीचं उत्तर काकूंनी स्वतः सांगितलं, साहेबांनी नाइलाजानं टाईप करून घेतलं. 'पोस्ट मी वाचली. खात्री केली. मग लावली. कोर्टानं हुकूम दिला तर काढीन, तुमच्या पत्रानं नाही. नाव देणार नाही.' साहेब म्हणाले, "जरा नरम लिहू या?" काकू म्हणाल्या, "हे नरमच हाय."

ही बातमी त्या कामगारापर्यंत पोचली. दोन दिवसांनी मी काकूंकडे डबे भरत होतो, तेवढ्यात त्याची नवी पोस्ट मंजुरीला आली. खाली त्याचं पूर्ण नाव. 'नाले का फोटो मैंने डाला था। काकू को छोड़ दो।'

काकूंनी फोन लावला. "हे तूच लिवलंस?"

"हाँ काकू."

"सगळं खरं हाय?"

"एकदम सच."

"मग नाय लावणार."

"क्यों काकू? सच तो है!"

"येड्या, उद्या गेटवर उभा तरी करतील का तुला? कामावर जा. डबा वेळेवर येईल."

मी म्हणालो, "काकू, तुमच्याच नियमानं ही लागायला पाहिजे. माणूस खरा, गोष्ट खरी, फोनसुद्धा झाला. आणि तुम्ही सुटाल."

"नियम माझा हाय ना? मग मोडणार पण मीच."

पिठाच्या बोटानं त्यांनी पोस्ट नामंजूर केली. नाल्याचा फोटो ओट्यावर होता तिथंच राहिला. मग वकीलसाहेबांना फोन लावला.

"साहेब, तारीख लागली की आदल्या दिवशी कळवा हां. डबे लवकर उरकायला लागतील."