माघार कोणी घ्यायची?

सकाळी नऊ चाळीस. गोंदियातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नीतू कापगतेने सातव्यांदा तीच आज्ञा दिली. शेजारच्या मशीनवर तिच्या वर्गातल्या अल्काने एंटर दाबलं आणि तिच्या पडद्यावर लाल ओळ आली : व्यवहार रद्द.

"फिर मैंच! हर बार मेरा ही विकेट क्यों गिरता है?" अल्का म्हणाली.

नीतूलाही तेच कळत नव्हतं. २००९ साल, एमसीएचं शेवटचं वर्ष. डेटाबेसच्या प्रोजेक्टसाठी तिने गावच्या तलावाच्या पाणीपाळ्यांची नोंद निवडली होती. एकीने केशोराव या शेतकऱ्याच्या पाळीची नोंद धरून यादोराव या दुसऱ्याची मागायची, दुसरीने उलट. अशी टक्कर होऊन दोघी अडकल्या की डेटाबेस एकीला बाहेर काढतो, हे पुस्तकात होतं. कोणाला आणि का, ते नव्हतं.

"इतक्या खोलात कायले जाऊन राहिली?" प्रोजेक्टचे मार्गदर्शक अश्विन सर म्हणाले. "टक्कर दाखवूच नको. उद्या बाहेरचे परीक्षक आहेत. गेल्या साली एका पोरानं 'सिस्टिम ठरवते' म्हटलं, तर नापास केलं. अडली तं पुढच्या परीक्षेपर्यंत सहा महिने गेले."

टक्कर वगळली, तर प्रोजेक्टमध्ये निव्वळ यादी उरत होती. नीतू व्हरांड्यात गेली आणि तिने घरी फोन लावला. तिचे वडील दुधराम गावचे पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, केव्हा सोडायचं, ते त्यांच्याकडे.

"बाबा, एकानं एक पाट धरला, दुसऱ्यानं दुसरा, न दोघांलेबी दोन्ही पाहिजे. कोणाले हटवता?"

"भांडण झालं का कोणाचं?"

"नाही जी, परीक्षा आहे."

"पाण्याची परीक्षा? मंग मलेच बसव." ते हसले. "ज्याच्या बांधीत कमी पाणी गेलं, तो हटते. त्याचं नुकसान कमी. त्यानं मंग पयल्यापासून घ्यावं."

नीतूने आत येऊन आपला प्रोग्राम पाहिला. पाळी धरण्याआधी तिचं मशीन तलावाच्या बारा नोंदी बदलत होतं, अल्काचं एकच. तिने अल्काच्या बाजूला वीस नोंदींचं काम लावलं.

लाल ओळ या वेळी नीतूच्या पडद्यावर आली. अल्काने टाळी वाजवली.

एका खेपेने सिद्ध होत नाही, म्हणून त्यांनी आकडे बदलून आणखी नऊ वेळा पाहिलं. नऊही वेळा कमी काम झालेलीच बाहेर पडली.

"न दोघींचं काम सारखं असलं तं?" सरांनी विचारलं. आता तेही खुर्ची ओढून बसले होते.

"ते अजून नाही माहीत, सर."

"परीक्षकानं विचारलं तं?"

"हेच सांगीन. पण टक्कर दाखवीन."

सरांनी भिंतीवरची उद्याच्या परीक्षेची यादी पाहिली, नीतूच्या नावापुढे 'दोन मशीन' असं लिहिलं आणि सही केली.

उद्या लॅब साडेनऊला उघडते. तोंडी परीक्षा अकराला. यादीत तिचा क्रमांक तिसरा आहे.