“ताई, इथलं बोलणं इथंच राहील”

रश्मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी काय करणार? मी वकील खरी, पण सुगंधाची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुगंधा वसईजवळच्या गिरीज गावची, सासर शेजारच्या निर्मळला. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आलेली. नवऱ्यानं कोर्टात मुलीचा ताबा मागितला होता. रश्मी विरारची, सायकॉलॉजीत एम.ए. करणारी पोर. समुपदेशन केंद्रात ट्रेनिंगला होती. पहिल्याच भेटीत सुगंधाला म्हणाली, “ताई, इथलं बोलणं इथंच राहील.” मग सुगंधा बोलली. एकदा मुलीला कडेवर घेऊन ती बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर जाऊन उभी राहिली होती. आपली आपणच घरी परतली.

केंद्रात समेटासाठी नवऱ्यालाही बोलावत. बावखलाचं ऐकून तो विरघळेल, असं रश्मीला वाटलं. तिनं सांगून टाकलं. तो कसला विरघळतोय! सरळ वकिलाकडे गेला. रश्मीला समन्स आलं.

“बावखलाबद्दल बाई काय म्हणाल्या?” त्याच्या वकिलानं विचारलं.

“सर, ते कॉन्फिडेन्शियल आहे.”

मी हरकत घेतली. जजसाहेब शांतपणे म्हणाले, “मॅडम, वकिलाशी बोललेलं कायदा झाकतो. समुपदेशकाशी बोललेलं झाकणारं कलम दाखवा.”

कलम नव्हतंच. रश्मीला सांगावं लागलं.

मग उलटतपासणीत मी विचारलं, “काठावरून तिला परत कुणी आणलं?”

“कुणी नाही. स्वतःच आली.”

तेही लिहून घेतलं गेलं. पण काठ लक्षात राहतो हो, परतणं नाही. मुलगी बापाकडे गेली. आईला रविवारची भेट, तीही तिसऱ्या माणसासमोर.

बाहेर व्हरांड्यात रश्मी रडत होती. सुगंधा रडली नाही. एवढंच म्हणाली, “‘ताई’ तूच म्हणालीस गो मला. मी तुला म्हणायला सांगितलं नव्हतं.”

पुढच्या आठवड्यात रश्मीच्या कॉलेजातल्या मॅडम आल्या. “मुलींना कायद्यावर एक लेक्चर द्याल?”

“देते. पण केसला हात लावायच्या आधी.”

तेव्हापासून दरवर्षी मी त्या मुलींकडून एक वाक्य घोकून घ्यायचे: जपता येईल तेवढं जपेन, कोर्टानं विचारलं तर सांगावं लागेल.

एकीनं विचारलं, “असं आधीच सांगितलं तर कोण बोलेल, मॅडम?”

“कमी बोलतील,” मी म्हटलं. “सुगंधाही गप्प बसली असती. तिची मुलगी तिच्याजवळ राहिली असती.”